डांबराखालची चॅसी

"भाई, पावर टाकायचंय," असं म्हणत कुणी गॅरेजच्या दारात उभं राहिलं की माझं डोकं फिरतं. टाकायचंय म्हणजे काय? चहात साखर टाकायची आहे का? जुन्या जीपला पावर स्टिअरिंग बसवणं म्हणजे गाडीच्या पुढच्या अख्ख्या अंगाला हात घालणं, आणि लोक मात्र सीटकव्हर बदलायला आल्यासारखे येतात. मी हे तोंडावर सांगतो. माझी बायको म्हणते, "तुमच्या तोंडापायी निम्मी गिऱ्हाइकं पुढच्या गॅरेजात जातात." जाऊ देत.

माझं गॅरेज अलिबाग-मुरूड रस्त्यावर, काशीदच्या थोडं अलीकडे. आमच्या घरात मिस्त्री कुणीच नव्हतं. आजोबा सुपारीचे व्यापारी, वडील गलबतावर, आणि मी मस्कतला. तिथं वाळवंटात पळणाऱ्या मोठ्या गाड्यांचं काम केलं, तेही फक्त पुढचं अंग: स्टिअरिंग, एक्सल, स्प्रिंगा. परत आलो तेव्हा नातेवाइकांना वाटलं, इक्बाल आता कापडाचं दुकान काढेल. मी जीपखाली जाऊन झोपलो तो अजून उठलेलो नाही. अंकासाठी लिहा म्हणून संपादकांचा फोन आला तेव्हाच सांगितलं, साहेब, गोड आठवणी माझ्याकडे नाहीत. एक राग आहे, चालत असेल तर तो देतो. ते हसले. त्यांना वाटलं मी गंमत करतोय.

ज्यांचा जीपशी कधी संबंध आला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तुम्ही स्टिअरिंग फिरवता, तेव्हा त्याचा दांडा खाली एका लोखंडी डब्यात फिरतो. त्याला आम्ही बॉक्स म्हणतो. हा बॉक्स चॅसीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, बोल्टांनी आवळलेला असतो आणि तो पुढची चाकं वळवतो. जुन्या जीपला सगळा जोर तुमच्या खांद्यातून येतो. पावर म्हणजे त्या जोराला मदतनीस.

मदतनीस निवडायचे रस्ते तीन. भंगारातल्या छोट्या गाडीची विजेची मोटर काढून स्टिअरिंगच्या दांड्यावर चढवतात, हा सगळ्यात झटपट. त्यासाठी दांडा कापून वेल्डिंग मारावं लागतं, आणि त्या वेल्डिंगवर तुमचा जीव असतो. वर आमच्या खाऱ्या हवेत विजेचं काहीही कधी रुसेल सांगता येत नाही, आणि ते वळणातच रुसतं. दुसरा रस्ता, जुना बॉक्स तसाच ठेवून खाली चाकांच्या दांड्याला तेलाच्या दाबावर चालणारा सिलिंडर लावायचा. डोंगरात ठीक आहे. वाळूत आणि समुद्राच्या पाण्यात गाडी घालणाऱ्यानं त्याच्या वाटेला जाऊ नये, त्याच्या नळ्या पार खाली लोंबतात. तिसरा म्हणजे जुना बॉक्स काढून तेलाच्या दाबावरचा मोठा बॉक्सच बसवणं, इंजिनाच्या पट्ट्यावर पंप चालवून. मला विचाराल तर हाच. पण याला पाया लागतो. कपाट ढकलताना आपण पाठ भिंतीला टेकवतो ना, तसा हा बॉक्स चॅसीला पाठ टेकवून चाकं ढकलतो. भिंत कुडाची असली तर कपाट जागचं हलत नाही, भिंत मागं जाते.

हे तीन रस्ते नंतरचे. आधी गाडी जड का आहे ते बघायचं. निम्म्या जीपांना पावर नको असतं, ग्रीस हवं असतं. मागे एकदा शहरातले एक साहेब आले होते. टायर एवढे रुंद की गाडी आहे की रोडरोलर कळू नये. फोनवर मला व्हिडिओ दाखवत म्हणाले, "भाई, एका बोटानं फिरलं पाहिजे." मी बघितलं तर चाकं ज्या खिळ्यावर वळतात ते किंगपिन कोरडे ठणठणीत आणि टायरांत हवा निम्मी. ग्रीस भरलं, हवा भरली, म्हटलं चालवा. एक चक्कर मारून आले ते तोंड पाडून. "मग पावर?" म्हणाले. म्हटलं, लागत नाही. ते माझ्यावरच चिडले. मित्रांना सांगून बसले होते की पावर टाकतोय. दुसरीकडून टाकून घेतलं असेल. मला त्याचं सुखदुःख नाही. ते शनिवार-रविवारचे जीपवाले.

माझा राग आहे तो हिराबाईच्या जीपचा.

हिराबाई आमच्या शेजारच्या कोळीवाड्यातली. नवरा गेल्यावर सगळे म्हणाले, जीप विक. ती विकायची सोडून चालवायला शिकली. सकाळी होड्या लागल्या की जीप थेट वाळूत खाली उतरवायची, मासळीच्या पाट्या भरायच्या, मागे वाड्यातल्या बायका बसवायच्या आणि अलिबागचा बाजार गाठायचा. येताना बर्फ. वाड्यात दोन हिराबाया आहेत, म्हणून हिला 'गाडीवाली' म्हणायचे, आणि ती हाक तिला मनापासून आवडायची.

गेल्या पावसाळ्यात ती धक्क्यावरच्या शेवाळावरून घसरली. उजवं कोपर मोडलं. हाड जुळलं, पण हात पुरता सरळ होईना आणि त्यात जोर येईना. मासेमारी सुरू व्हायच्या तोंडावर ती जीप घेऊन माझ्याकडे आली. नेहमी रस्त्यावरून एका दमात आत वळवायची, त्या दिवशी तीनदा पुढंमागं करावं लागलं.

"भाई, ही गारी माझे हातान येत न्हाय आता," ती म्हणाली. "मना पावर घालून दे. नितेश बोलतो, आये, विकून टाक."

नितेश तिचा मुलगा, न्हावा शेवाला ट्रेलरवर ड्रायव्हर.

"मग विकणार का?" मी विचारलं.

"मी मेल्यावर विकंल तो. जिती हाय तवर गारी मीच चालवीन. घरान बसून मी काय करू, भिंती बघू?"

तिचं म्हणणं एवढंच होतं. तिला मऊ स्टिअरिंगची हौस नव्हती. पावर नसेल तर तिचं चालवणं संपणार होतं.

मी किंगपिन तपासले. ग्रीस वेळच्या वेळी भरलेलं, काही तक्रार नाही. म्हणजे हिला खरंच पावर लागणार होतं, आणि लागणार तर तो तेलाचा बॉक्सच. मग मी खाली गेलो.

खालून जीप नव्यासारखी दिसत होती. काळीभोर, तुकतुकीत. इथं हे सांगायला हवं की आमच्या किनाऱ्यावर पावसाळ्याआधी होड्या वर ओढतात तेव्हा त्यांच्या बुडाला डांबर चोपडतात. हिराबाईचा नवरा होडीबरोबर जीपलाही चोपडायचा. त्याच डब्यातलं, त्याच ब्रशनं. तो गेल्यावर हिनं ते चालू ठेवलं. एकाही वर्षाचा खंड नाही. इतक्या मायेनं कुणी गाडी सांभाळलेली मी पाहिली नाही.

मी चॅसीवर हातोडी मारली. चांगलं लोखंड वाजतं. हे वाजलं नाही, भद्द असा आवाज आला, ओल्या लाकडावर मारल्यासारखा. स्क्रूड्रायव्हर टेकवून दाबला, तो मुठीपर्यंत आत गेला.

बाहेर येऊन म्हटलं, "ताई, चॅसी गेली. डांबरानं खाल्ली."

"डांबर लावल्यावर राहतंय, जात न्हाय. माझी होडी बघ."

"होडी लाकडाची आहे."

"मंग? समुद्राचा पानी लाकडाला वेगला न लोखंडाला वेगला हाय काय?"

मी समजावलं. होडीला डांबर पाणी आत येऊ नये म्हणून. जीप मात्र रोज खाऱ्या वाळूतून येते, मीठ सांध्यासांध्यात बसलेलं असतं. गोड्या पाण्यानं धुऊन, वाळवून, खरवडून मग डांबर लावलं असतं तर गोष्ट वेगळी. हे मिठावरच लावत गेले. मीठ आत कोंडलं, वर झाकण बसलं, आणि आतल्या आत लोखंडाचा पापड झाला.

ती ऐकत होती, पण तिचा चेहरा बदलत चालला होता. "नितेशच्या बापसान कधी डांबर चुकवला न्हाय," ती म्हणाली. "घरान पैसा नसंल तवा पन गारीला डांबर घातला. न तू बोलतंस त्यानंच गारी खाल्ली?"

मी म्हटलं, हो. जे होतं ते सांगितलं. पुढचा भाग कापून नवी जाड पत्र्याची चॅसी घडवावी लागेल, मग त्यावर बॉक्स. तीन आठवडे तरी गाडी इथं उभी राहील.

मोसम तोंडावर आलेला आणि मी तीन आठवडे म्हणतोय. संध्याकाळी नितेश आला. "काका, टेन्शन नका घेऊ," म्हणाला. "आमच्या चाळीस फुटी ट्रेलरला पन पावर हाय, एका हातानं टर्न मारतो. जीपला कशाला एवढी झंझट?"

"तुझा ट्रेलर रोज समुद्रात आंघोळ करतो का?" मी विचारलं.

तो हसला आणि जीप घेऊन गेला. ज्यानं ती पुढं हाती घेतली त्याचं नाव मी इथं लिहीत नाही. त्याचं दुकान झकपक आहे, बाहेर मोठा बोर्ड, आत थंडगार हवा. दोन दिवसांत त्यानं बॉक्स बसवून दिला. बॉक्स चांगलाच होता, मी बसवला असता तसाच. तो त्यानं डांबरावरच आवळला.

दुसऱ्या दिवशी हिराबाई हॉर्न वाजवत माझ्या दारात. रस्त्यावरून एका हातानं, तेही डाव्या, जीप सरळ आत वळवली. आनंद तिच्या चेहऱ्यावर मावत नव्हता. "बग भाई! तू बोल्लास तीन आठवडं!"

मला आनंद झाला नाही. मी सगळ्यांसमोर ओरडलो. म्हटलं, "उतर खाली. आत्ता उतर. ही गाडी तू वाळूत घालायची नाहीस, मागं माणसं बसवायची नाहीस." गॅरेजात दोन-चार जण होते, सगळे बघायला लागले. तिचं हसू गेलं. "तुना गिऱ्हाईक गेल्याचा राग हाय," एवढं म्हणून ती निघून गेली. हे वाक्य मला अजून बोचतं. गिऱ्हाईक गेल्याचा राग मला आला असता तर माझं गॅरेज केव्हाच बंद पडलं असतं.

आता पुढचं समजून घ्या, कारण वाड्यात ते कुणीच समजून घेतलं नाही. मऊ वाळूत चाकं रुतलेली, मागं मासळीचं ओझं, आणि स्टिअरिंग पुरं वळवायचं. साध्या स्टिअरिंगला अशा वेळी चाक वळत नाही, माणूस दमतो, थांबतो, गाडी थोडी पुढं घेतो. हातालाच कळतं की आता पुरे. तेलाच्या बॉक्सला दमणं माहीत नाही. तो ढकलत राहतो, आणि समोर चाक हलत नसलं तर मागं चॅसीला रेटतो. हिराबाई रोज सकाळी वाळूत एका हातानं स्टिअरिंग फिरवत होती आणि खाली रोज थोडं थोडं फाटत होतं. तिला काही जाणवत नव्हतं. जाणवू नये म्हणून तर पावर असतं.

एका सकाळी वाळूतून वर येऊन ती रस्त्याला लागली. सुरूच्या बनापाशी वळण आहे. तिनं स्टिअरिंग फिरवलं, ते फिरलं. चाकं फिरली नाहीत. जीप सरळ जाऊन सुरूंवर आदळली. हिराबाईला खरचटलंसुद्धा नाही. मागे पाट्यांत बसलेल्या सखूच्या मांडीचं हाड मोडलं. सखू तिची लहानपणची मैत्रीण, एकाच वाड्यात वाढलेल्या आणि एकाच वाड्यात दिलेल्या.

संध्याकाळपर्यंत निकाल लागला होता. बाईमाणूस, वय झालेलं, हात अधू, तरी हट्टानं गाडी चालवते, मग होणार काय? नाक्यावर, धक्क्यावर, माझ्या गॅरेजात हवा भरायला आलेल्या माणसांच्या तोंडी हेच. खाली वाकून कुणी बघितलं नाही. नितेशसुद्धा म्हणाला, "आयेला बोल्लो व्हतो, विकून टाक."

आणि सगळ्यात वाईट म्हणजे तिनं ते मान्य केलं. मी दवाखान्यात गेलो तेव्हा ती सखूच्या खाटेपाशी बसली होती. मला म्हणाली, "माझेकरूनच फिरला न्हाय, भाई. हात कमी पडला."

मी जीप ओढून गॅरेजात आणली. बॉक्स एका बाजूनं लोंबत होता आणि चॅसीचा फाटका तुकडा त्याला तसाच आवळलेला होता. बोल्ट सगळे जागेवर. बॉक्स, तुकडा, बोल्ट सगळं तसंच उचललं आणि त्या दुकानात गेलो.

माणूस सभ्य. मला खुर्ची दिली, चहा मागवला. तुकडा हातात घेऊन फडक्यानं पुसला आणि एकेक बोल्ट बोटानं हलवून बघितला.

"चाचा," तो म्हणाला, "माझा एक तरी बोल्ट ढिला झालाय का बघा. मी बसवलेलं जसंच्या तसं आहे."

"आणि चॅसी?"

"चॅसी माझी नव्हती."

"बसवायच्या आधी एक हातोडी मारून बघितलीस?"

"गिऱ्हाइकानं चॅसी बघायला सांगितलंच नव्हतं. पावर टाकायला सांगितलं होतं."

तो खोटं बोलत नव्हता, हाच माझा संताप आहे. त्याचं काम खरंच चोख होतं. एका बाईचा पाय मोडला, दुसरीचं नाव गेलं, आणि हा आपले बोल्ट मोजून मोकळा. असल्या माणसाशी भांडायला कुठून सुरुवात करायची तेच कळत नाही. चहा तसाच ठेवून मी उठलो.

तिथून सरळ कोळीवाड्यात. हिराबाईच्या ओट्यावर नितेश होता, शेजारची चार माणसं होती. बरंच झालं. मी तो तुकडा सगळ्यांच्या मधोमध आपटला. म्हटलं, बघा. डोळे फाडून बघा. हिचा हात कमी पडलेला नाही, हिच्या जागी पैलवान असता तरी गाडी झाडावरच गेली असती. लोखंड फाटलंय, बाई चुकलेली नाही. नितेशनं मान खाली घातली. बाकीचे एकमेकांकडे बघत एकेक करून सटकले.

मला वाटलं, झालं. हिचं नाव धुऊन निघालं. पण हिराबाईनं तो तुकडा उचलून मांडीवर घेतला आणि नखानं डांबर खरवडायला लागली. एक थर निघाला, त्याखाली दुसरा, त्याखाली तिसरा. तांबड्या खपल्या तिच्या लुगड्यावर पडत होत्या.

"वरचा मी लावलेला," ती म्हणाली. "खालचा त्यांचा." मग माझ्याकडे बघून, "मंजे हात न्हाय. डांबरच. आमीच खाल्ली गारी."

तिला सोडवायला म्हणून मी जे घेऊन गेलो होतो ते तिनं उलटं वाचलं. मी ओरडलो, "तुम्ही नाही! ज्यानं न बघता बसवलं त्यानं!"

"वरडू नको, भाई," ती शांतपणे म्हणाली. "तू तवा पन वरडलास."

 

जीप मी केली. पुढचा भाग कापला, सगळं खरवडून लोखंड उजळेपर्यंत घासलं, आतून बाहेरून जाड पट्ट्या लावून नवी चॅसी घडवली, आणि तोच बॉक्स परत बसवला, कारण बॉक्सचा काही दोष नव्हता. पंपाचा दाब मुद्दाम थोडा कमी ठेवला. तिच्या हाताला झेपेल एवढं हलकं, पण वाळूत चाक अडलं तर हाताला कळेल एवढं जड. मस्कतपासून आजपर्यंत एवढं नेमकं स्टिअरिंग माझ्या हातून झालेलं नाही. हे मी छाती पुढं काढून लिहितो.

ती आली, बसली. दोन्ही बाजूंना फिरवून बघितलं. मान हलवली. रस्त्यावर काढली, मी शेजारी. हात व्यवस्थित पोचत होता, कुठं अडत नव्हतं. पहिलं वळण दिसलं तशी तिनं गाडी बाजूला घेतली, थांबवली, इंजिन बंद केलं.

"जड आहे का?" मी विचारलं.

"न्हाय. बेस हाय. लय बेस हाय, भाई." तिनं चावी काढून माझ्या हातात ठेवली. "पन मना आता वलता येत न्हाय."

मी समजावलं. रागावलो. चॅसीवर हातोडी मारून तिला आवाज ऐकवला. नितेशनंही पाय धरले, आये, माझंच चुकलं म्हणाला. सखू कुबड्या घेऊन आली आणि म्हणाली, मी बसते मागं, तू चालव. ती सगळ्यांना "व्हय, व्हय" म्हणत राहिली आणि गाडीत चढली नाही.

आता नितेशनं ट्रेलर सोडलाय. सकाळी तोच जीप वाळूत नेतो, तोच बाजार करतो. हिराबाई डाव्या बाजूला बसते. गेल्या आठवड्यात मी पाट्यांबरोबर मागं बसून अलिबागपर्यंत गेलो. नितेश एकीकडे गाणी ऐकत, बोलत गाडी हाकत होता. तिचे दोन्ही हात मांडीवर होते, वाकडा आणि सरळ. प्रत्येक वळणाच्या थोडं आधी ते हात जागच्या जागी वळत होते, आणि नितेशच्या आधी वळत होते.